तिसऱ्या वर्षीचं ॲस्परॅगस

सुमनताई कॅन्सरशी हरल्या, हे साफ खोटं आहे.

गेल्या वर्षी आजच्याच दिवशी त्या गेल्या आणि निम्म्या नाशिकरोडने स्टेटस टाकलं, "झुंज अपयशी ठरली."

कसली झुंज? बाईला झुंजायला वेळ कुठे होता? कारल्यावर फळमाशी पडली होती.

ज्यांना ताई माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. आमचा गच्चीवर भाजी लावणाऱ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे आणि ताई म्हणजे त्या ग्रुपचा भोंगा. जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स. रिटायर झाल्यावर गच्चीत ड्रम, टब, थर्माकोलचे खोके, मिळेल त्यात भाजी.

ग्रुप बागेचा, पण बोलणं सगळं घरातलं.
कुणाची शुगर, कुणाच्या सुनेचं बाळंतपण, कुणाचा गुडघा, आणि मध्येच दोडक्याला आलेलं मादी फूल.

ताई सगळ्यांना एकाच सुरात झापायच्या. "गोळी घेतली का? आणि त्या मिरचीला पाणी कमी घाल."

स्वतःचा रिपोर्टसुद्धा त्यांनी असाच टाकला.

"मंडळी, पोटाचा कॅन्सर निघालाय. दुसरं म्हणजे, कारल्याला फळमाशी लय झालीय. सापळा कुठला आणू?"

ग्रुपवर नुसते हात जोडलेले इमोजी.

थोड्या वेळाने परत ताईच. "अरे, कारल्याचं कोणी सांगणार का?"

मग बियाण्यांच्या ऑर्डरची वेळ आली. दरवर्षी पावसाळ्याआधी आम्ही ग्रुपवर कॅटलॉग टाकतो आणि सगळ्यांची मिळून एक ऑर्डर मी देते. त्या वर्षी ग्रुपला ताईंबद्दल मायेचं भरतं आलं.

"ताई, मेथी लावा ना."
"मुळा बघा ताई, पटकन येतो."
"मायक्रोग्रीन्स करा, आठवड्यात ताटात."

कोणी बोललं नाही, पण मनात सगळ्यांच्या एकच. ताईंच्या हातात किती दिवस आहेत आणि त्यात काय उगवेल.

आणि हे कोणाला फसवत होतो आम्ही? नर्सला!

त्यांची व्हॉइस नोट आली. ती मी अजून जपून ठेवली आहे.

"काय रे, सगळे मला मेथीच का खायला घालताय? मरायचं तेव्हा मरेन. आत्तापासून माझी वजाबाकी कशाला करता? मनीषा, त्या कॅटलॉगमध्ये सगळ्यात उशिरा येणारं काय हाय ते सांग."

मी चाळून सांगितलं, "ॲस्परॅगस. पहिली दोन वर्षं कोंब आले तरी तोडायचे नाहीत, मुळं धरू द्यायची. तिसऱ्या वर्षी खायचं."

"चव कशी असते गं?"

"हॉटेलात सूपमध्ये खाल्लंय ताई. खास काही नाही."

"मग बरंय. घाई नाय."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाचा, विशालचा, फोन.

"काकू, आईचं ते पाकीट मागवू नका. प्लीज."

"का रे?"

"ती रोज तिसऱ्या वर्षाचं बोलणार. मी हो हो म्हणत बसायचं? मला नाही जमणार."

रडत होता. मला त्याचं फार वाईट वाटलं. पण म्हटलं, "विशाल, ऑर्डर तुझ्या आईची आहे. रद्द करायची तर तिनेच करायची."

पाकीट मी मागवलं. आजही मागवलं असतं.

केमो चालू असताना डॉक्टरांनी मातीत हात घालायला बंदी केली. ताई म्हणाल्या, ठीक आहे. गच्चीवर खुर्ची टाकून बसल्या आणि विशालला माती कालवायला लावली. मी गेले होते तेव्हा तो घामाघूम झाला होता, डोळे पुसायलाही हात मोकळा नव्हता.

"खत अजून घे. आणि रडायचं तर खाली जाऊन रड, मातीत खारं पाणी नको."

भेटायला येणारे म्हणायचे, "ताई, आता कशाला हा व्याप? आराम करा."

"आरामच करतेय की. खुर्चीत बसलेय ना?"

रोपं उगवली. शेपूसारखी, नाजूक.

शेवटी शेवटी हॉस्पिटलमध्ये मी एकदा धीर करून विचारलं, "ताई, तुम्हाला खरंच वाटतं, तिसरं वर्ष...?"

 त्या म्हणाल्या, "मला सगळं माहितीय गं. पण पेशंट जिता असताना त्याची खाट आपण दुसऱ्याला देत नाय."

 त्यांनी माझं बीपी विचारलं आणि विषय संपवला.

आज पहिला स्मृतिदिन. घरी बुद्धवंदना झाली, जेवणं सुरू झाली. घोटीहून ताईंची धाकटी बहीण आली होती. ती गच्चीवर जाऊन आली आणि पदराने डोळे पुसत म्हणाली, "ड्रममध्ये कोंब आलेत रे! तोडून आणते, ताईच्या फोटोपुढे ठेवू. बिचारीला एकदा खायला नाय मिळालं."

सगळ्यांचे डोळे भरले. सगळ्यांना पटलं. खरं सांगते, मलाही पटलं.

विशाल पंगतीत भात वाढत होता. हातातलं पातेलं खाली ठेवून तो जिन्याच्या दारात जाऊन उभा राहिला.

"नाही मावशी. हे दुसरं वर्ष आहे."

"अरे, एक कोंब. तुझ्या आईसाठी."

"एकही नाही. आईने तिसरं वर्ष सांगितलंय. तुम्ही पुढच्या वर्षी या, मी स्वतः तोडून देतो."

मावशी रुसल्या. कोणीतरी म्हणालं, आजच्या दिवशी तरी हट्ट नको. त्याने गच्चीच्या दाराला कडी घातली आणि परत भात वाढायला लागला.

सुमनताई, रोज सकाळी तुमची आठवण येते. मोठ्याने येते.

जयभीम.