अ‍ॅरेचा तळमजला

घाटकोपरच्या ऑफिसात ग्राहकांना बिलाची आठवण करून देणारे मेसेज पाठवायचं काम मी वर्षानुवर्षं एकेक करून हाताने केलं. मग साहेबांनी जाहीर केलं, की कोडिंगची परीक्षा पास होतील ते इथे राहतील, बाकीचे गोवंडीच्या गोडाऊनवर जातील. मी मुलुंडची. गोवंडीसाठी कुर्ल्याला गाडी बदलावी लागते, आणि रोज तिथला जिना चढायला माझे गुडघे तयार नव्हते. रविवारचा क्लास लावला.

शेजारच्या टेबलावर हेच काम करणारी मैत्रीण म्हणाली, "या वयात कोडिंग? झकास! मला नको गं, माझं डोकं आधीच गरगरतंय."

शिकवणारी मुलगी माझ्या लेकीएवढी. अ‍ॅरे म्हणजे एका नावाखाली ओळीने ठेवलेल्या गोष्टी, लूप म्हणजे त्या ओळीत एकेकापाशी थांबत पुढे जाणं. मोजणी शून्यापासून. बाकीचे शून्यावर अडले. मला लगेच पटलं, आमच्या लिफ्टमध्ये तळमजल्याचं बटण शून्यच आहे.

अ‍ॅरेत चार नावं ठेवली, प्रत्येकाला नमस्कार पाठवायला लूप चालवला. चौघांना नमस्कार गेला आणि पाचवा गेला 'अनडिफाइन्ड'ला, म्हणजे यादीत नसलेल्या कोणाला तरी.

"काकू, हा पाचवा कोण?" शिकवणारीने विचारलं.

"मी नाही बोलावला."

पुढच्या रविवारीही तो हजर.

"तुम्ही चार नंबरपर्यंत का जाता?" तिने विचारलं.

"चार आहेत म्हणून. आमची बिल्डिंग चार मजली, तिला चौथा मजला आहेच ना?"

"तळमजला धरून किती होतात?"

पाच. चार मजली म्हणताना आपण तळमजला धरतच नाही. अ‍ॅरेची लांबी मात्र तळमजला धरूनच. चार नावं असतील तर शेवटचं तिसऱ्या मजल्यावर राहतं. म्हणून 'चारपर्यंत' नाही, 'चारपेक्षा कमी असेपर्यंत' लिहायचं. एवढ्यासाठी दोन रविवार गेले, घरी कपडे बादलीत तसेच.

परीक्षेत लूपच आला. माझा बरोबर थांबला. मैत्रीण परीक्षेला बसलीच नाही.

सोमवारी तिचा फोन आला, गोडाऊनमधून.

"पंखा आहे का गं तिथे?" मी विचारलं.

"आहे. फिरत नाही. माझं काम कोणाला दिलं?"

"मलाच. मेसेज आता आपोआप जातात ना, मग दोघींच्या ग्राहकांच्या उलट येणाऱ्या तक्रारी मीच वाचायच्या."

"वाट लागली तुझी."

"हो," म्हटलं, आणि पुढची तक्रार उघडली.