जिन्याखालची बादली

"मासा कदी आजारी पडत न्हाय. आजारी पडतंय ते पानी."

हे वाक्य एखाद्या ऋषीने ध्यान सोडून उच्चारलेलं वाटेल. आमच्या शाळेच्या शिपाईमामांनी ते एका हातात खराटा धरून उच्चारलं, आणि लगेच शिंकले.

प्रकरण मोठ्या सरांच्या, म्हणजे मुख्याध्यापकांच्या माशाचं होतं. दहावीचा निकाल घसरला तेव्हा मोठ्या सरांनी शिक्षकांची नव्हे, एका वास्तुतज्ज्ञाची बैठक घेतली. केबिनच्या ईशान्येला पाणी हवं, पाण्यात सोनेरी मासा हवा आणि ते पाणी संस्थेच्या प्रमुखाने स्वहस्ते बदलायला हवं, असं निदान झालं. काचेची टाकी आली, मासा आला. तळहाताएवढा, गुबगुबीत. भेटायला आलेल्या पालकांचं म्हणणं मोठ्या सरांपेक्षा तोच जास्त लक्ष देऊन ऐकायचा.

त्याला खाणं घालायचं काम मामांकडे होतं. मामा जवळच्या कुंभारी गावाहून सायकलवर यायचे, कुलपं उघडायचे आणि आधी टाकीपाशी जायचे. "काय पावनं, झोप झाली का?" आम्हा शिक्षकांना हे कधी कोणी विचारलं नाही.

पुढे पाहुणे बिघडले. मासा एका अंगावर कलायचा, वर येऊन तोंड उघडमीट करायचा, कल्ले धापा टाकल्यासारखे हलायचे. दोन-तीन दिवसांत सावरायचा आणि चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा तिरका. मोठ्या सरांनी समिती नेमली. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, प्राणवायू कमी पडतोय. खेळाचे सर म्हणाले, व्यायाम कमी पडतोय. मी मराठीचा, म्हणून इतिवृत्त लिहायला. मासा कोणत्या तारखेला तिरका झाला हे मी सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं. समितीचं तेवढंच काम पुढे उपयोगी पडलं.

तिसऱ्या खेपेला मामांना मेमो मिळाला. 'आपण निष्काळजीपणे खाद्य घातल्याने माशाची प्रकृती बिघडल्याचे दिसते. पुन्हा असे घडल्यास सेवापुस्तकात नोंद घेण्यात येईल.' मामांच्या निवृत्तीला पाच महिने होते. सेवापुस्तकात अशी एक ओळ पडली की पेन्शनचे कागद किती टेबलं फिरतात, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. मामांनी मेमोची घडी घालून टोपीत ठेवली. "चिमूटभरच घालतो की ओ, सर," एवढंच मला म्हणाले.

त्याच दुपारी मला ऑफ तास होता आणि मोठे सर मीटिंगला गेले होते. मामा खराटा घेऊन टाकीपुढे उभे राहिले. माशाकडे त्यांनी फारसं पाहिलंच नाही. वाकून पाण्याचा वास घेतला, ते वाक्य म्हणाले, शिंकले.

"सर, तुमच्याकडं आज नळ आल्ता का?"

"आला होता."

"सकाळी पेल्यातल्या पान्याला कसला वास आला?"

"पावडरीचा."

"मग हितं घ्या वास."

तोच होता. मामांनी मला स्टाफरूममधल्या कॅलेंडरपाशी नेलं. सोलापुरात नळ चार-पाच दिवसांनी येतो. कुठल्या दिवशी आला त्यावर प्रत्येक घर गोल करतं, तसे आम्हीही करायचो. माझं इतिवृत्त शेजारी धरलं. जिथे गोल, तिथे मासा तिरका.

आता नळाच्या दिवशी आपण काय करतो? जुनं पाणी शिळं म्हणून अंगणात ओततो आणि सगळी भांडी ताज्या पाण्याने भरतो. मोठ्या सरांनी तेच केलं होतं. स्वहस्ते. जंतू मारायची पावडर जंतू आणि मासा यांत फरक करत नाही.

"सांगा की मोठ्या सरांना," मी म्हणालो.

"काय सांगू? तुमच्या हातानं झालं म्हनू? एक पानाचा मेमो हाय, दोन पानांचा हुईल."

त्यांनी टाकीतलं निम्मं पाणी उपसलं आणि स्टाफरूमच्या माठातलं, अजून न बदललेलं चार दिवसांचं पाणी त्यात ओतलं. त्या दिवशी शिक्षक तहानलेले राहिले आणि मासा संध्याकाळपर्यंत सरळ झाला. मग मामांनी नळाच्या पाण्याच्या दोन बादल्या भरून जिन्याखाली उघड्या ठेवल्या, चार दिवसांत पावडर उडून जावी म्हणून. वर खडूने लिहिलं, 'हात लावू नये.'

पाचव्या दिवशी नळ आला. मोठ्या सरांनी बाह्या सरसावल्या. मामांनी बादल्या पुढे केल्या.

"ताजंच आहे ना?"

"आत्ताच आनलंय, साहेब."

जिन्याखालून, हे कोणी विचारलं नाही. मोठ्या सरांनी पूर्वेकडे तोंड करून पाणी ओतलं. मी दारात उभा होतो. मामा टोपी हातात घेऊन माशाकडे बघत होते. टोपीत मेमो तसाच होता. मासा एक फेरी पोहला, दुसरी पोहला, मग काचेजवळ येऊन खाणं मागू लागला. मामांनी टोपी डोक्यावर ठेवली.

त्यांचं सेवापुस्तक कोरंच राहिलं. निरोपसमारंभात मोठे सर पाऊण तास जलतत्त्वावर बोलले. गेल्या महिन्यात त्यांनी माझ्या इतिवृत्तात टिपलेल्या मामांच्या त्या वाक्याचा शुद्ध मराठीत फलक करून टाकीवर लावला. खाली नाव मोठ्या सरांचं आहे. कुंभारीत भेट झाली तेव्हा मी जरा रागानेच हे मामांना सांगितलं.

"असू द्या की," मामा म्हणाले. "बादली कोन भरतंय?"

"मी."

"मग झालं तर. आन पावन्यांला सकाळी ईचारत जावा."

विचारतो. फक्त परवा बादली भरायची विसरलो. मासा फलकाखालीच तिरका झाला.