मेलेला काका आणि कालची बातमी

पत्रकाराला लोक विचारतात, "काय नवीन?" कथाकाराला विचारतात, "हे खरंच घडलंय का?" आणि मास्तरांना विचारतात, "परीक्षेत येणार का?" मी पालघरला बातमीदारी करतो, सवड काढून कथा लिहितो आणि दर शनिवारी बोईसरच्या एका कॉलेजात लिहायला शिकवतो. त्यामुळे माझ्या वाट्याला तिन्ही प्रश्न येतात आणि किस्से तिप्पट साठतात.

*

माझी पहिली कथा आमच्याच पेपरच्या पुरवणीत आली. ऐन वेळी जाहिरात आली, जागा कमी पडली. उपसंपादकाने बातमी कापतात तशी माझी कथा खालून कापली. शेवटचा परिच्छेदच गेला.

संध्याकाळी एका जुन्या वाचकाचा फोन आला. "शेवट आमच्यावर सोडलात, हे फार आवडलं."

उपसंपादक अजून त्याचं श्रेय घेतो.

*

केळव्याच्या बाबूकाकांची नारळ-सुपारीची वाडी आहे. त्यांच्यासारखाच एक म्हातारा मी कथेत घेतला आणि शेवटी मारला. आठवड्याभरात विरारचे दोन पाहुणे काकांच्या घरी भेटायला आले, पांढरे कपडे घालून. दार काकांनीच उघडलं.

दुसऱ्या दिवशी काका ऑफिसात हजर. "आरं, मी हाय ना अजून. मारलास कशाला?"

"काका, ती कल्पना आहे."

"मंग पेपरात छाप, काका हाय म्हणून."

संपादक म्हणाले, कथेचा खुलासा छापत नाहीत. काका रागावून गेले. आता शनिवार-रविवारी मुंबईचे पाहुणे आले की काका चहा देता देता सांगतात, "गोष्टीत मेला ना, तो मी."

*

अक्षय नावाच्या विद्यार्थ्याचे वडील मूळचे सोलापूरकडचे, बोईसरला कारखान्यात आहेत. एकदा शिफ्ट संपवून थेट वर्गाबाहेर येऊन थांबले.

"सर, पोराला बातमी शिकवा. गोष्ट नको."

"का हो?"

"गोष्टी घरी सांगतोच की. आज म्हणला, सरांच्या वर्गाला सुट्टीय."

आत वर्ग भरलेला होता. अक्षय नव्हता.

*

घिवलीची निकिता वर्गात फारशी बोलत नाही. एका शनिवारी मी सगळ्यांना सांगितलं, काल तुमच्या घरी जे झालं त्याची बातमी लिहा. तिने चारच ओळी लिहिल्या. मी त्या मोठ्याने वाचल्या.

"काल आमच्या घरी काही झालं नाही. बाबांची बोट संध्याकाळी येते, ती आली नाही. आईने त्यांचा भात झाकून ठेवला. नंतर आम्ही दिवा चालूच ठेवला."

मी कागद खाली केला. "मग?"

"मग काय सर, पहाटे आले. इंजिन बंद पडलं होतं."

मी खुर्चीत बसलो. "अगं, मग हे का नाही लिहिलंस?"

निकिताने माझ्या हातातला कागद घेतला, पुन्हा एकदा वाचला आणि म्हणाली, "सर, तुमी कालचं लिवायला सांगितलं ना? बाबा तर आज आले."