कमळाखालचा चिखल

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि पाऊस आमच्यावर रुसला होता. जिल्ह्याचे नवे साहेब शाळा बघायला येणार, म्हणून हेडमास्तरांनी भिंतीवर राष्ट्रीय फूल काढायला एक पेंटर बोलावला. मी तिथंच मास्तर होतो, पण त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. कानावर ब्रश, ओठांत विझलेली विडी. एक पाकळी झाली की मागं सरून, एक डोळा मिटून तो तिच्याकडं बघत बसायचा.

कमळ झकास उमललं. हेडमास्तर मात्र तापले. "अहो, चिखल कुठाय? चिखलात राहून स्वच्छ राहतं, म्हणून तर त्याला एवढा मान!"

"गुर्जी, चिखलाला पाणी लागतंय," पेंटर म्हणाला. "हितं चिखलच न्हाई, म्हंजी आपुन समदेच कमळं की!"

मी हसू दाबत त्याला माठाच्या तळातलं तांब्याभर पाणी दिलं. अर्धं तो प्याला आणि उरलेलं त्यानं कमळाखालच्या मातीत ओतलं.

"घ्या चिखल."

हेडमास्तरांनी ओरडायला तोंड उघडलं. तेवढ्यात दोन चिमण्या त्या ओलीवर उतरल्या. त्या उडू नयेत म्हणून त्यांनी तोंड हळूच मिटलं.