सुजलेला पाय

तिला फसवलं ते तिच्या नवऱ्याने. सासूने नाही, सुईणीनेही नाही.

कर्जतच्या बाजारात वीसेक वर्षांपूर्वी तुमची फेरी होत असेल, तर तुम्ही तिला पाहिलं असेल. कळंब गावची. काकड्यांच्या पाटीमागे कायम उभी. शेजारी मी सुकी मासळी घेऊन बसायची. "टेक गं जरा," म्हटलं की ती म्हणायची, "बसल्या बाईला गिऱ्हाईक भाव पाडून मागतं." माझ्या तोंडाला कंटाळून कुणी उठलं, तर तीच त्याला परत आणायची. "तोंड खारट हाय तिचं, माल चांगला हाय."

मूल आडवं आलं, म्हणून इस्पितळात पोट फाडून मुलगी झाली. घरी आल्यावर सासूने तिला बाजेवर निजवलं. खाली शेगडी, पोटाला घट्ट फडकं, पाय जमिनीला लावायचा नाही. मी भेटायला गेले तेव्हा हसून म्हणाली, "बाय, आता माजा भाव पडला बघ."

पुढे तिचा एकच पाय सुजला, पोटरी तापली. वारं भरलं म्हणून सुईणीने कोमट तेलाने पाय मांडीपर्यंत रगडला. मायेनेच रगडला. तेल जिरायच्या आत तिला धाप लागली आणि ती गेली.

मी इस्पितळात जाऊन नर्सबाईंवर ओरडले. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तिच्या नवऱ्याला बजावलं होतं. तिला लवकर चालती करा. पाय सुजला तर चोळू नका, तशीच घेऊन या. आत रक्ताची गाठ असते, ती सुटून छातीत जाते."

मी त्याला बांधावर गाठलं.

"तुला सांगितलं होतं?"

"व्हय."

"मग?"

"बायकांच्या कामात आयपुढं मी काय बोलनार?"

गावात मात्र तो आजही सांगतो, वारं लागून गेली.

आता तीच मुलगी पहिलटकरीण म्हणून माहेरी आली आहे. परवा त्यांच्या अंगणात बाज उन्हाला टाकलेली पाहिली. आजी अजून खमकी आहे. मुलीला मी सगळं सांगितलं, ती म्हणाली, "बाबा तर असं कदी बोलले नाय."

मग आता बोल. लेकीसमोर, तुझ्या आईच्या देखत सांग. तुला माहीत होतं, तर तू गप्प का राहिलास?