दियानोराचं गोड पत्र

सिएना शहरातल्या रंगाऱ्यांच्या आळीत दियानोराच्या जिभेची धास्ती भल्याभल्यांना होती. नवरा लवकर गेला. रंगाच्या कढया तिनंच सांभाळल्या आणि एकुलता एक लेक लापो वाढवला तो रागावूनच. पुढे तो शहरातल्या दोन गटांच्या भांडणात सापडला आणि हद्दपार होऊन लुक्का शहरात राहिला. सिएनाच्या वेशीच्या आत पाऊल टाकलं तर फास.

आधी तिची पत्रं मठातला एक साधू लिहायचा. ही सांगायची, "त्या ठोंब्याला म्हणावं, लोकरीचे मोजे घाल." तो लिहायचा, "माझ्या काळजाच्या तुकड्या." एकदा असलं एक पत्र तिनं कुणाकडून तरी वाचून घेतलं, तेव्हा हा प्रकार तिला कळला. "माझ्या तोंडी हा मध कुणी ओतला?" म्हणत बाई चाळिसाव्या वर्षी अक्षरं गिरवायला बसली. तेव्हापासून वेडंवाकडं, शिव्यांनी भरलेलं पत्र हाती पडलं की लापोला कळायचं, ही आपली खरी आई.

हे शहराच्या कचेरीतला अधिकारी मेस्सर गालगानो यालाही ठाऊक होतं. एका सकाळी तो दोन शिपाई घेऊन दारात उभा राहिला.

"मोन्ना दियानोरा, लेकाला लिहा. माफी मिळाली, घरी ये म्हणावं."

"मिळालीय का?"

"तुम्ही लिहा हो."

"माझं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरलेलं. कारकुनाकडून घ्या लिहून."

"कोंबडीचंच हवंय मला. नाहीतर लुक्कातही सुरा चालवणारी माणसं मिळतात."

नाही म्हणावं तरी लेक जातो, लिहावं तरी जातो. मग तिला एक सुचलं. कागदाच्या माथ्यावर क्रूस काढून तिनं लिहिलं, 'माझ्या लाडक्या सोन्या, माफी मिळाली. तुझ्यावाचून घर खायला उठतं. ये.' शिवी एकही नाही. पोरगा हुशार आहे, असल्या गोडव्यातलं खोटं तो ओळखेलच, या भरवशावर तिनं लेखणी ठेवली. गालगानोनं दोनदा वाचून मोहोर लावली.

नऊ दिवस गेले. टाप वाजली की ती दाराशी. दहाव्या दिवशी, निळ्या रंगाच्या कढईत हात असताना, उत्तर आलं. मोहोर कचेरीतच फोडलेली होती.

'आई, साधू मला लाडका म्हणायचा, ते मी कधी मनावर घेतलं नाही. या वेळी अक्षर तुझं होतं. वीसदा वाचलं. माफीचं खरं वाटत नाही, पण तू बोलावलंस एवढं पुरे. शुक्रवारी दुपारी उत्तरेच्या वेशीवर पोचतो.'

आपल्याच हातानं आपण पोराला ओढून आणलं, हे तिला कळलं. ती निथळत्या हातांनी तशीच वेशीकडे धावत सुटली. शुक्रवारच होता, आणि दुपारची घंटा केव्हाच होऊन गेली होती.