कृष्णाबाईंनी ऐकलेल्या कादंबऱ्या

कृष्णाबाईंना कादंबरीचं वेड लागलं ते साठी उलटल्यावर, आणि तेही एका गैरसमजातून. तोवर वसईतली आपली वाडी, वाडीतली राजेळी केळी आणि ती उन्हात सुकवून केलेली सुकेळी, यापलीकडे त्यांनी कशात लक्ष घातलं नव्हतं. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. सही तेवढी यायची, पण ‘कृ’ काढताना जीभ बाहेर यायची.

सत्त्याण्णव साली त्यांच्या कल्पेशचं लग्न झालं. सून दिपिका विरारच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. कामाला चटपटीत, पण दुपारी कुठेतरी गायब व्हायची. एकदा कृष्णाबाई तिला शोधत माळ्यावर गेल्या, तर ही भाताच्या गोणीला टेकून हमसून हमसून रडतेय. काय झालं विचारलं तर हुंदक्यांनी तोंडातून शब्द फुटेना. कृष्णाबाई तडक कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या आणि गोखिवऱ्याला कल्पेशच्या वर्कशॉपमध्ये फोन लावला.

“बायकोला काय बोललास रे? आत्ताच्या आत्ता घरी ये!”

कल्पेश ग्रीसच्या हातांनीच स्कूटर हाणत आला. तोवर दिपिकेला कंठ फुटला होता.

“मंदाकिनीचं लग्न मोडलं हो, आई.”

“कोन मंदाकिनी? तुझ्या माहेरची?”

“नाही हो. पुस्तकातली.”

कल्पेशने आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि पाणीही न पिता आल्या पावली परत गेला. कृष्णाबाई मात्र गोणीपाशी बसकण मारून म्हणाल्या, “का मोडलं?”

झालं. दुसऱ्या दिवसापासून दुपारचा शिरस्ताच पडला. अंगणातल्या मांडवावर सुकेळी वाळताहेत, कृष्णाबाई काठी घेऊन कावळे हाकताहेत आणि दिपिका सावलीला बसून मोठ्याने वाचतेय. वाचन सरळ म्हणून होत नसे. नायिका खिडकीत उभी राहून चांदणं बघायला लागली की काठी जमिनीवर आपटायची. “चांदनं पुरे. पुढे चल.” नायक नायिकेला भेटायला निघाला की, “तिच्या आईला इचारलंय का त्यानं?” आणि एखादा कावळा केळं घेऊन उडाला, तर तो गेलेला परिच्छेद पुन्हा पहिल्यापासून.

मंदाकिनीची कादंबरी शेवटाला आली तेव्हा दिपिकेची पंचाईत झाली. तिने आदल्या रात्री शेवट वाचून ठेवला होता. मंदाकिनी खाडीत जीव देते. इकडे कृष्णाबाईंना ब्लडप्रेशर, आणि मंदाकिनीला नुसता ताप आला त्या दिवशी त्या जेवल्या नव्हत्या. दिपिकेने पुस्तक तोंडासमोर धरलं, घसा साफ केला आणि मनाने सांगायला सुरुवात केली. मंदाकिनी खाडीवर गेली खरी, पण ओहोटी होती. उडी मारली ती गुडघाभर चिखलात. एका होडीवाल्याने ओढून काढली. पुढे त्याच्याशीच लग्न झालं, दोन मुलं झाली.

“तरी मी म्हनत होते,” कृष्णाबाई डोळे पुसत म्हणाल्या, “भरतीचं गनित शहरातल्या मुलीला काय कळनार!” आणि दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

तेव्हापासून दिपिकेने कोणाला मरू दिलं नाही. क्षयाचे रोगी खडखडीत बरे झाले, फाशीच्या दोरांच्या गाठी सुटल्या, परदेशी गेलेला नवरा विमानतळावरूनच माघारी आला.

माणिकपूरच्या ज्या वाचनालयातून ही पुस्तकं यायची, तिथे हेलन नावाच्या बाई होत्या. पुस्तक परत करताना दिपिका सासूबाईंची मतं सांगायची आणि हेलनबाई हसून हसून बेजार व्हायच्या. त्यांनी ठरवून टाकलं की महिला दिनाच्या कार्यक्रमात ‘मी आणि कादंबरी’ या विषयावर कृष्णाबाईंनीच बोलायचं.

दिपिकेने मोडता घालून पाहिला. “आई, माईकवर बोलायला लागतं. तुमचं बीपी...”

“गोळी घेऊन जाऊ की,” कृष्णाबाई म्हणाल्या आणि ठेवणीतलं लुगडं काढलं.

वाचनालयाचा हॉल भरला होता. कृष्णाबाई माईकपाशी उभ्या राहिल्या आणि बाजारात भाव सांगावा तशा खणखणीत आवाजात बोलू लागल्या.

“मला वाचता येत नाय. मी ऐकते. एवढाल्या जाड्या कादंबऱ्या ऐकल्या, पन एकीत कोनी भांडी घासली नाय. सासू तर सगळीकडे वाईट. लिहिनाऱ्यांना काय सासवा नसतात? पन मला आवडतं. आमच्या आळीत कोनाच्या घरात डोकावलं तर भांडन होतं. कादंबरीत डोकावलं तर कोन काय बोलत नाय.”

टाळ्या पडल्या. कृष्णाबाई फुलल्या. दिपिका खुर्चीत खाली खाली सरकत होती.

“आनि शेवट बाकी सगळ्यांचा चांगला होतो हां. आता ती मंदाकिनीच बघा. चिखलात पडली, पन होडीवाला मिळाला. दोन पोरं झाली.”

सभेत चुळबुळ झाली. पुढच्या रांगेतले निवृत्त मास्तर चंद्रहास हळूच म्हणाले, “बाई, मंदाकिनी बुडाली ना?”

“कोन म्हनतं? तुमच्या पुस्तकाची पानं गेली असतील!”

“माझी पण बुडाली,” मागून एक बाई म्हणाली. मग दुसरी. हेलनबाईंनी भाबडेपणाने कपाटातलं पुस्तक काढून शेवटचं पान वाचून दाखवलं. कृष्णाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यांची नजर सगळ्या रांगांवरून फिरत फिरत दिपिकेवर येऊन थांबली.

दोघी रिक्षात बसल्या. माणिकपूर मागे पडल्यावर कृष्णाबाईंनी विचारलं, “आनखी कोन कोन?”

दिपिकेने खालमानेने एकेकाचं नाव घेतलं. क्षयवाला. फाशीवाला. परदेशातला नवरा.

“तो पन? मी त्याच्यासाठी नारळ ठेवला होता ग!”

सकाळी कल्पेश उठला तर आई मागच्या दारी डोक्यावरून गार पाण्याच्या कळशा ओतून घेत होती. तो घाबरला. “आई, कोण गेलं?”

“लई जनं,” कृष्णाबाई कुडकुडत म्हणाल्या. “मला कोनी कळवलंच नाय.”

दिवसभर चहाशिवाय त्यांनी काही घेतलं नाही. दिपिकेने माफी मागितली, रडली, ताट वाढून आणलं, परत नेलं. तिन्हीसांजेला कृष्णाबाईंनी स्वतःच तिला हाक मारली आणि अंगणात समोर बसवलं.

“यापुढे जे लिहिलंय तेच वाचायचं. मेलं तर मेलं. मी लहान नाय.”

“बरं, आई.”

पुढची कादंबरी तशीच वाचली गेली. तिच्यातली थोरली जाऊ बाळंतपणात गेली. दिपिका शब्दही न गाळता वाचत राहिली आणि कृष्णाबाई पदराने नाक पुसत ऐकत राहिल्या. कावळ्यांनी त्या दिवशी बरीच सुकेळी नेली. दिपिकेने पुस्तक मिटलं.

“लिहिनाऱ्याचं झालं ना सांगून?” कृष्णाबाईंनी विचारलं.

“झालं.”

“मग आता तुझं सांग. ती दवाखान्यात पोचली, तिथून धर. आनि डॉक्टरीन चांगली असू दे.”

दिपिकेने पुस्तक बाजूला ठेवलं, पाय पोटाशी घेतले आणि सांगायला लागली.